पाहण्याचे अंतर आणि प्रदर्शनाची मांडणी

उपयोजित कलेच्या महाविद्यालयात वार्षिक प्रदर्शनाची बैठक बसली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला किती पॅनेल, म्हणजे काम लावायचे फलक, येणार. वर्षभर सर्वांनी सारखेच कष्ट घेतलेले असल्यामुळे समान वाटणीचा आग्रह मला समजतो. तरीही भिंत हजेरीपटाप्रमाणे वाटली, तर प्रदर्शनाला येणाऱ्या माणसाचा विचार मागे पडतो. त्याआधी विचारायला हवे ते असे, की अमुक काम किती अंतरावरून पाहिले जाण्यासाठी केलेले आहे?

भित्तिपत्रक हे चालता चालता, दहा-बारा फुटांवरून नजरेत भरावे म्हणून केलेले असते. त्याच्यासमोर टेबल ठेवून आपण ते अंतरच हिरावून घेतो. पुस्तकाची मांडणी मात्र हातात घेऊन पाने उलटल्याखेरीज कळत नाही, म्हणून तिची दोन पाने सनबोर्डावर चिकटवून भिंतीवर लावण्यापेक्षा बसायला बाक आणि पुरेसा उजेड देणे केव्हाही चांगले. वेष्टनाची कामे चारही बाजूंनी पाहता यावीत अशा चौथऱ्यांवर, भिंतीपासून सुटी असावीत.

हे ठरल्यावर दालनाचा आराखडा १:५० या प्रमाणात आलेखाच्या कागदावर काढावा. ए१ आकाराचे, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचे पॅनेल त्यावर जेमतेम १२ बाय १७ मिलिमीटरचे होते. असे तुकडे कापून सरकवत बसले की गर्दी कुठे तुंबेल, दारातून आत येताच काय दिसेल आणि खांबामागे कोणाचे काम झाकले जाईल, हे सुताराला बोलावण्याआधीच कळते. चाकांच्या खुर्चीला जागेवर वळण्यासाठी सुमारे १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तेवढे वर्तुळ प्रत्येक कोपऱ्यात बसते का, हेही याच कागदावर तपासावे.

वेगवेगळ्या आकारांची कामे शेजारी येतात तेव्हा त्यांच्या वरच्या कडा जुळवण्याचा मोह होतो. मला स्वतःला जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर सुतळी ताणून प्रत्येक कामाचा मध्य तिच्यावर आणणे अधिक पटते, कारण त्यामुळे नजर एका पातळीत पुढे सरकते. अर्थात ही पातळी उभ्या, प्रौढ माणसाची आहे. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत घडलेले रचनाकार हर्बर्ट बायर यांनी १९३० साली पॅरिसमध्ये, वेर्कबुंड या कलाकार व उत्पादकांच्या जर्मन संघटनेच्या प्रदर्शनात पॅनेल डोळ्याकडे वळतील अशी वर-खाली कलती लावली होती. कमरेच्या उंचीवर तिरप्या फळीवर ठेवलेली कच्ची रेखाटने लहान मुलांना आणि बसलेल्या माणसालाही नीट दिसतात, हा त्या विचाराचा आपल्याला सहज घेता येईल असा भाग आहे.

या कच्च्या रेखाटनांसाठी मी नेहमी भांडते. बोधचिन्हाचे अंतिम रूप एकटे लावले, तर विद्यार्थ्याच्या आईवडिलांना त्यात एक सुबक आकृती दिसते. पण त्याच्याजवळच टाकून दिलेले पर्याय क्रमाने ठेवले, तर आपल्या मुलीने चार वर्षे नेमके काय शिकले हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यासाठी अंतिम कामांची संख्या कमी करावी लागली तरी ती करावी, असे माझे ठाम मत आहे.

माहितीपट्ट्यांचे काम शेवटच्या रात्रीवर ढकलले जाते आणि इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात मराठी मजकूर कोंबला जातो. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि उकार शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली जात असल्याने दोन ओळींमध्ये अधिक जागा सोडावी लागते, म्हणून पट्टीचा आकार मराठी मजकुरावरूनच ठरवावा. चकचकीत लॅमिनेशन टाळावे, कारण समोरच्या खिडकीचा उजेड त्यावर पडला की अक्षरे दिसेनाशी होतात. पट्टी सर्वत्र कामाच्या उजवीकडे, एकाच उंचीवर असावी. आणि तिच्यावर विद्यार्थ्याच्या नावाखाली, हे काम कोणासाठी व कोणती अडचण सोडवण्यासाठी केले, हे सांगणारे एक वाक्य विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले असावे.