खांद्यावरची जाळी

डिसेंबरात मला फोन उचलायलाही हात मोकळा नसतो. नौपाड्यातलं माझं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन मशीन, एक ओव्हरलॉक आणि मी. गॅदरिंगवाल्यांना कोळी, वासुदेव, मावळे सगळं एकाच आठवड्यात हवं असतं, आणि आठवण होते ती आठच दिवस आधी. त्यामुळे एका डान्स क्लासच्या सरांनी गुलाबी गाउनचा फोटो पाठवून खाली ‘मॅडोना, मटेरियल गर्ल, एक पीस’ असं लिहिलं, तेव्हा बरंच वाटलं. नऊवारी सोडून काहीतरी!

फोटो मोठा करून पाहिला तर ती मॅडोना नव्हतीच, मर्लिन मन्रो होती. सरांना सांगितलं तर म्हणाले, “काकू, सेमच आहे ना!” सेम कसं असेल? मॅडोनाचा व्हिडिओ १९८५चा. त्यात ती १९५३च्या ‘जंटलमेन प्रिफर ब्लॉण्ड्स’ सिनेमातलं मर्लिनचं हिऱ्यांचं गाणं जसंच्या तसं उभं करते. तोच लाल पडदा, तसेच सुटाबुटातले पुरुष, तसाच गुलाबी गाउन नि लांब हातमोजे. म्हणजे सरांना हवी होती नकलेची नक्कल, आणि चुकून पाठवलं अस्सल. मी अस्सलवरूनच कापलं.

या ड्रेसचा जीव मागच्या बोमध्ये आहे. नुसत्या सॅटिनचा बो केला तर पहिल्या गिरकीला कुत्र्याच्या कानासारखा लोंबतो. बकरम घातलं तर घामानं मऊ पडतं. मी लेहेंग्याच्या कॅनकॅनची कडक जाळी दुहेरी घेतली, वर कॅनव्हास, मग सॅटिन, आणि सगळा बो गाउनला न लावता आतल्या कमरपट्टीला हातशिलाईनं अडकवला. वजन कापडावर नाही, कमरेवर. वरचा भागही तसाच: आत आठ बोन, म्हणजे ताठ पट्ट्या, काठाला सिलिकॉनची इलास्टिक. असा गाउन खांद्यावर पट्टी नसतानाही तसूभर सरकत नाही. मंगलदास मार्केटच्या दोन फेऱ्या धरून साडेचार हजार सांगितले, सरांनी चार केले. तसाच एक गाउन २०१० साली लिलावात तीन लाख डॉलरच्या वर गेला म्हणे. असो.

ट्रायलला मुलगी आईला घेऊन आली. मुलगी एकोणीस वर्षांची, सेकंड इयरला. आईंनी एक नजर टाकली. “ताई, वरती स्किन कलरची जाळी लावा. खांदे नि हात झाकून.”

मला राहवेना. म्हटलं, अहो, हा ड्रेस झाकायलाच शिवला होता. सिनेमाचे कपडे करणाऱ्या विल्यम ट्राव्हिलानं त्या गाण्यासाठी आधी खड्यांचा, जवळजवळ उघडा पोशाख केला होता. तेवढ्यात मर्लिनचे कॅलेंडरसाठी काढलेले जुने नग्न फोटो बाहेर आले, स्टुडिओवाले घाबरले, आणि त्याच्या जागी हा आला.

त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यांचं झाकणं तसं. आमचं असं.”

यावर मला बोलता आलं नाही. मुलगी आरशात बघत होती, तीही काही बोलली नाही. मी जाळी लावली.

कशी लावली, ते सांगते. जाळीला मुंढ्यापाशी हात वर घेण्यापुरता लूज ठेवावा लागतो. तेवीस वर्षं हे काम करतेय, झोपेतही ठेवीन. त्या दिवशी ठेवला नाही. सरळ टीप मारून मोकळी झाले. घाई होती हे खरं. रागही होता.

कार्यक्रम घाणेकर नाट्यगृहात. तिचा नंबर अकरावा, आणि नववा डान्स चालू असताना हातमोजे चढवायला तिनं हात वर केला. चर्र! उजव्या मुंढ्यापासून जाळी वीतभर फाटली.

माझ्या पदराला सुई टोचलेली असते, गुलाबी दोरा ओवलेला. दोन मिनिटांचं काम होतं. हाताशी अजून सात होती.

“काकू, दोन्हीकडची काढून टाका ना,” ती म्हणाली.

“आई समोर बसलीय.”

“म्हणूनच पटकन.”

मी सुई काढली नाही, कात्री काढली. दोन्ही खांदे उसवले, धागे वेचले, काठावरून बोट फिरवलं. ती गेली.

विंगेतून मी फक्त बो बघत होते. गिरकीला तो उसळला, जागेवर आला, पुन्हा उसळला, पुन्हा जागेवर. गाउन हलला नाही. टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. तिचं तोंड कसं दिसत होतं, आईंचं कसं झालं, यातलं मी काहीच पाहिलं नाही. सरांनी मात्र नंतर सगळ्यांना सांगितलं, की कन्सेप्ट त्यांचा.

ती टीप मी मुद्दाम मारली होती का, हे अजून माझं मलाच ठरवता येत नाही.

आठ दिवसांनी आई दुकानात आल्या. राहिलेले पाचशे दिले. मग पर्समधून एक पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. “ताई, हे तुमचं ग्रीनरूममध्ये राहिलं होतं.”

आत जाळीचे दोन्ही तुकडे होते, चौघडी घातलेले. इस्त्री केलेले. तेही मंद आचेवर, कुठे जराही न वितळवता.