आमची वाटचाल : कोकणच्या हवेत लाकूड सांभाळताना

कुडाळ तालुक्यात वडिलांनी सुतारकामाचा कारखाना टाकला, तेव्हा कामं असायची ती चौकटींची, देव्हाऱ्यांची, पाटांची. साग, फणस, किंजळ, सगळं लाकूड इथलंच, आणि वस्तूही इथल्याच घरांत जायच्या. दोन्हीकडची हवा सारखी, त्यामुळे फळी किती सुकली हे हाताच्या अंदाजावर भागायचं. पुढे पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं यायला लागली. एसीच्या खोलीत जाणारी जेवणाची टेबलं, कपाटं. तेव्हापासून पाटीवर फर्निचर असं लिहिलेलं असलं, तरी आमची निम्मी मेहनत लाकूड नीट ठेवण्यातच जाते.

लाकूड भोवतीच्या हवेतली ओल घेतं आणि सोडतं. जुलैत आमच्याकडे आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत फळी कितीही दिवस ठेवा, तिच्यातलं पाणी साधारण 18 टक्क्यांच्या खाली उतरत नाही. तीच फळी एसीच्या कोरड्या खोलीत गेली की हळूहळू 9-10 टक्क्यांवर येते. या फरकात ती लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला मात्र आखडते. सागाची 10 इंची फळी सूतभराहून, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून, जास्त आत येते. तीन फूट रुंद टेबलाला हाच हिशेब लावा, अर्धा इंच सहज जातो. सांधा उघडायला तेवढं पुष्कळ.

म्हणून आमचं वर्ष पावसावर बांधलेलं आहे. ओंडके दिवाळीनंतरच मिलवर न्यायचे आणि कापल्या कापल्या फळ्या थप्पीला लावायच्या. सकाळी सह्याद्रीकडून येणारा मतलई वारा कोरडा असतो, त्याचा एकही दिवस वाया घालवायचा नाही. आंबा असेल तर त्याआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढतो. त्याच्या लाकडात पिठूळ अंश भरपूर, त्यावर भुंगा टपलेलाच असतो. सागाच्या गाभ्याला याची गरज नसते, पण त्याचा पांढरा भाग आम्ही सरळ काढून टाकतो.

थप्पी लावणं हे आमच्याकडे सर्वांत जुन्या कारागिराचं काम आहे. जमिनीपासून दीड फूट उंचीवर, चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) खांबांवर आडवी तुळवटं, आणि ती पाणसळीने तपासलेली. मग फळीचा थर, त्यावर इंचभर जाडीच्या पट्ट्या, पुन्हा फळ्या. पट्ट्या सुक्या लाकडाच्या आणि एकाच जाडीच्या हव्यात. दर दोन फुटांवर एक, फणसाला दीड फुटावर, कारण फणस पटकन पिळतो. वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर रेषेत आली पाहिजे. एक जरी सरकली तरी वरचा भार मध्येच पडतो आणि फळीला बाक येतो. फळ्यांच्या डोक्यांना ऑइलपेंट फासायचा, कारण डोक्यातून पाणी फार वेगाने निघतं आणि तिथेच चिरा पडतात. शेवटी माथ्यावर चिऱ्यांचं वजन.

शेडला कौलं आहेत, पागोळ्या बऱ्याच बाहेर काढल्या आहेत. पश्चिमेकडून झड येते, म्हणून रोहिणी संपायच्या आत त्या बाजूला माडाच्या चुडतांची झापं बांधतो. बाकीच्या बाजू उघड्याच. बरेच जण पावसाच्या भीतीने थप्पीला प्लॅस्टिक गुंडाळतात, ते मला अजिबात पटत नाही. आतली ओल आतच कोंडते आणि लाकडावर निळे-काळे डाग उठतात. बुरशीला वाढायला 20 टक्क्यांहून जास्त पाणी लागतं. वारा खेळता राहिला तर फळी तिच्या तावडीतून लवकर सुटते. "वाऱ्याक वाट दी, मगे पावसाक भियाचा नाय," असं वडील म्हणत.

पण पावसाळ्यात वारा 18 च्या खाली नेत नाही, त्यासाठी आम्ही कोरडी खोली बांधली. जाड भिंती, घट्ट बसणारं दार आणि आत हवेतली ओल ओढणारं यंत्र. आर्द्रता 50 टक्क्यांवर धरली की लाकूड 9-10 वर स्थिरावतं. शेडमध्ये 20 च्या खाली न आलेली फळी तिथे नेत नाही, एकदम कोरडी हवा लागली तर वरचा थर आधी आखडतो आणि फळी फुटते. पावसात वीज गेली तर दार उघडायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

लाकडातलं पाणी मोजायचं मीटर आहे, पण लाकडाच्या जातीप्रमाणे त्याचा आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक लॉटमधला एक तुकडा वजन करून ओव्हनमध्ये 103 अंशांवर ठेवतो, वजन उतरायचं थांबेपर्यंत. 118 ग्रॅमचा तुकडा 100 ग्रॅमवर थांबला, तर पाणी सुक्या वजनाच्या 18 टक्के. हा हिशेब गिऱ्हाइकाला दाखवायला मला फार आवडतं.

एवढं करूनही लाकूड हलणारच. त्यामुळे टेबलाचा माथा लांबट भोकांमधून स्क्रूने बसवतो आणि दाराचं पॅनल खाचेत गोंदाशिवाय सोडतो.

अलीकडे घरी हौसेने सुतारकाम करणारेही सुक्या फळ्या न्यायला येतात, गोव्यातून तर बरेच. फळी न्यायची असेल तर इथून थेट वापराच्या खोलीतच ठेवा, भिंतीला टेकवून उभी नको, पट्ट्यांवर आडवी. दोन्ही बाजूंनी हवा लागू द्या, आणि आठवडा-दोन आठवडे तरी रंधा लावू नका. ऐन पावसात काम काढायचं असेल तर आधी आम्हाला विचारा; घरातली हवा कशी आहे त्यावरून फळी कोणत्या थप्पीतली द्यायची ते ठरवतो.