आमची वाटचाल : पस्तीस-सत्तरच्या जिवावर

जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात पस्तीस-सत्तर एमएमच्या झूम लेन्सला कुणी विचारत नाही. बॉडीबरोबर ती आली की घेणारा आधी जास्त उजेड घेणारी पन्नास एमएम 1.8 आहे का बघतो, नसली तर तोंड वाकडं करतो. आमचं दुकान ह्याच झूमवर उभं राहिलं, हिच्यापायी बुडायला आलं आणि हिनंच तारलं. वाटचाल लिहायची तर तिचीच लिहावी लागते.

सुरुवात थोडक्यात. बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावातून साधी लेन्स साफ करायला मुंबईला धाडायची, हे बरं दिसत नव्हतं. पहिले भागीदार म्हणजे उद्यमनगरातले लेथवाले मिस्त्री. त्यांना फोटोतलं काही कळत नव्हतं आणि आम्हाला धातूतलं.

हत्यारं त्यांनीच करून दिली. जपानी लेन्सच्या स्क्रूवरची फुली फिलिप्ससारखी दिसते, पण खाच वेगळी असते. बाजारातला पेचकस पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि स्क्रूचं डोकं खातो. मिस्त्रींनी पेचकसांची टोकं ऑइलस्टोनवर घासून खाचेच्या तळापर्यंत बसतील अशी केली. मोडक्या व्हर्नियरच्या जबड्यांना कडक पोलादाची दोन टोकं लावून काचेची रिंग फिरवायचा पाना झाला. नावाची रिंग काढायला वेगवेगळ्या मापांची रबरी बुचं. एवढ्यावर निम्मं काम होतं, आजही होतं. ऑनलाइन पन्नास हत्यारांचा संच मिळतो, तो घेऊ नका. त्यातली सत्तेचाळीस तशीच पडून राहतात. स्क्रूवर कारखान्यातलं रंगाचं सील असतं. तिथं काडीनं ॲसिटोनचा एक थेंब सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग पेचकस लावायचा. थेंब प्लॅस्टिकच्या बॅरलवर ओघळला तर बॅरल गेली.

आमच्याकडं सगळ्यात जास्त आली ती निकॉन एफएम-टेनबरोबरची 35-70, 3.5-4.8. नाव निकॉनचं, बनावट कोसिनाची, बॅरल प्लॅस्टिकची. लोक हिला खेळणं म्हणतात. अपर्चर (उजेडाचं भोक, आकडा मोठा तसं भोक लहान) 8 वर लावून उन्हात वापरली तर हिचे फोटो बघून नाव ओळखून दाखवा म्हणावं. तिच्या खऱ्या मर्यादा वेगळ्या आहेत. 70 ला 4.8 म्हणजे 1.8 च्या पन्नासपेक्षा जवळजवळ तीन स्टॉप मागं, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. पन्नासवर 1/60 सेकंदाला जमतं, तिथं हिला 1/8 लागतो. दुसरं, 35 ला रिंगवर 8 लावलं तर 70 ला ते जवळपास 11 होतं, रिंग न हलवता. कॅमेऱ्याचं मीटर हे सांभाळून घेतं, फ्लॅशवाल्याचा हिशेब मात्र जवळजवळ एक स्टॉपनं चुकतो. निगेटिव्ह रोल हे पचवतो, स्लाइड पचवत नाही. तिसरं, 70 ला डोळा जरा बाजूला गेला की फोकससाठीच्या दुभंगलेल्या वर्तुळाचा, म्हणजे स्प्लिटचा, अर्धा भाग काळा पडतो. त्यापायी किती गिऱ्हाइकांनी लेन्स परत आणली, हिशेब नाही. तो दोष नव्हे, 4.5 ते 5.6 च्या आसपास स्प्लिट काळा पडतोच.

मधली दहा-बारा वर्षं बरी गेली.

मग डिजिटल आलं, स्टुडिओवाले फिल्मचं सामान ढिगानं काढू लागले आणि मुंबईहून 40 झूमचा लॉट आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढून उचलला. गावातल्या दुसऱ्या एका दुकानानंही त्याच ठिकाणाहून तसाच लॉट घेतला. टॉर्च लावून एकेक नग पाहिला होता. फंगस नाही, धुकं नाही, ओरखडा नाही, अपर्चरच्या ब्लेडवर तेल नाही. काच इतकी साफ का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही, आणि तीच चूक. इतक्या वर्षांची लेन्स, समुद्राकाठचं गोदाम आणि काच आरशासारखी, ह्याचा अर्थ एकच की आपल्या आधी ती कुणीतरी उघडली आहे.

11 नग विकले गेले. त्यातला एक गडहिंग्लजच्या मास्तरांकडं. मास्तर आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, तेव्हाही शाळांचे ग्रुप फिल्मवरच काढायचे. महिन्याभरानं त्यांनी 12×18 इंची दोन फोटो काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "मालक, हेडमास्तर एकटे तेवढे स्वच्छ आलेत. पोरं सगळी धुक्यात बसवलीत का?"

निदान त्या एका वाक्यात होतं. हेडमास्तरांचा फोटो 70 ला, ग्रुप 35 ला. मास्तरांची पद्धत सगळ्या लग्नवाल्यांची असते तीच: 70 ला नेऊन फोकस करायचा, मग 35 ला मागं यायचं आणि बटण दाबायचं.

स्वस्त झूममध्ये फोकसची रिंग पुढचा भिंगगट पुढं-मागं करते. तो सरकला की 70 ला जो परिणाम होतो, त्याचा चौथा हिस्साच 35 ला होतो. माउंटखालच्या, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कडीखालच्या, पितळी शिमचा (जाडी भरायच्या पातळ चकतीचा) परिणाम मात्र दोन्हीकडं सारखाच. ज्यानं कुणी त्या लेन्स साफ केल्या, त्यानं मागनं उघडताना शिमा हरवल्या. 0.1 मिलिमीटरच्या दोन गेल्या की लेन्स फिल्मच्या 0.2 मिलिमीटर जवळ जाते. 70 ला तुम्ही डोळ्यानं फोकस करता तेव्हा पुढचा गट ती चूक भरून काढतो, पण 35 ला त्यातली 0.05 च भरते. 0.15 मिलिमीटर तशीच राहते.

0.15 म्हणजे काय ते बघा. 3.5 वर चालणारी चूक सुमारे 0.1, म्हणजे 0.03 (निगेटिव्हवर खपणारा ठिपका) गुणिले 3.5. स्टेजवरच्या किंवा व्हरांड्यातल्या ग्रुपला उजेड पुरत नाही म्हणून अपर्चर पूर्ण उघडं असतं, तेव्हा प्रत्येक बिंदू 0.04 मिलिमीटरचा ठिपका होतो. मॅक्सी (4×6) प्रिंट निगेटिव्हच्या सव्वाचार पट, तिच्यावर तो 0.2 च्याही आत, कुणाला दिसत नाही. 12×18 साधारण साडेबारा पट, तिथं तोच ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चेहरा ओळखता येतो, डोळा सापडत नाही. आणि 8 वर हेच सगळं लपून जातं. म्हणून त्या 11 जणांपैकी दोघांनी लेन्स परत द्यायला नकार दिला. ते पन्हाळ्याला उन्हातच फोटो काढायचे.

बाकीचे 9 नग पूर्ण पैसे देऊन परत घेतले. हातात 38 लेन्स, दारात हप्ता. काउंटरवरचा पंखासुद्धा विकायची वेळ आली होती. मिस्त्रींनी तीन महिने लेथ संध्याकाळी आमच्यासाठी चालू ठेवला आणि एक पैसा मागितला नाही.

दुरुस्ती अशी. बॉडीचं मागचं दार उघडून शटर बी वर लॉक करून उघडं ठेवायचं आणि फिल्मच्या रुळांवर घासून दुधी केलेली काच घट्ट बसवायची, घासलेली बाजू लेन्सकडं. दूरची वस्तू आम्ही न्यू पॅलेसचा घड्याळाचा मनोरा धरली. आधी 70 ला पुढचा गट फिरवून मनोरा टोकदार करायचा. मग रिंगला हात न लावता 35 ला यायचं. धुरकट दिसला तर चूक मागं माउंटपाशी, शिम बदलायची. पुन्हा 70, पुन्हा 35. दोन-तीन फेऱ्यांत जमतं, एका फेरीत जमलं असं वाटलं तर काचेवर बघायचं दहापटीचं भिंग नीट बसलेलं नाही. शेवटी इन्फिनिटीच्या, म्हणजे अगदी दूरच्या, खुणेवर रिंग ठेवून तिचे तीन स्क्रू आवळायचे. शिम उद्यमनगरात मिळणाऱ्या 0.05 च्या पितळी पत्र्यातून कापायची, कापल्यावर कड वर उचलते. ती काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासली नाही तर माउंट तिरपा बसतो आणि एक बाजू धूसर होते. हेलिकॉइड, म्हणजे फोकसचा आट्यांचा भाग, सुटा करावा लागला तर कुठं सुटला तिथं आधी रेघ मारा. त्याच्या आट्यांना अनेक तोंडं असतात, चुकीच्या तोंडात गेला तर फिरतो छान, इन्फिनिटी मात्र सापडत नाही.

दुसऱ्या दुकानानं एकही नग परत घेतला नाही. "काच बघा, आरसा आहे," एवढंच त्यांचं वाक्य. वर गावभर सांगितलं की आमचा माल परत येतो. खरंच येत होता, कारण आम्ही घेत होतो! त्यांच्याकडच्या लेन्स पुढं आमच्याकडंच दुरुस्तीला आल्या, गिऱ्हाइकाच्या खिशातून. हे विसरायला सांगणारे पुष्कळ भेटले.

तेव्हापासून आमच्याकडं झूमची किंमत काच बघून ठरत नाही. दुकानात उभ्या उभ्या करायची तपासणी सांगतो. दूरचा मनोरा किंवा टाकी 70 ला फोकस करा, रिंग कुठं थांबली बघा. मग 35 ला पुन्हा फोकस करा. दोन्ही वेळा रिंग इन्फिनिटीपाशीच थांबली तर लेन्स शहाणी. 70 ला ती जराशी अलीकडं आणि 35 ला 6 मीटरच्या खुणेपाशी थांबली तर 0.2 ची शिम गायब, न उघडता कळतं. 70 ला दूरचं टोकदारच होत नसेल तर पुढचा गट चुकीचा बसवलेला आहे.

पुढची नळी बाहेर काढून दोन बोटांनी हलवा. केसभर खेळ चालतो, टकटक आवाज चालत नाही. आतले गट कॅमच्या खाचेत नायलॉनच्या छोट्या कॉलरवर सरकतात. कॉलर झिजली की गट कलतो आणि फोटोचा एक कोपरा जातो. मिस्त्री त्या नायलॉनच्या रॉडमधून कातून द्यायचे, मायक्रोमीटर लावून, खाचेत बसेल पण अडणार नाही अशा. टकटकणाऱ्या लेन्सचे आम्ही अर्धे पैसे देतो. काचेच्या कडेला फंगसचा एखादा तंतू असला तर फार तर चौथा हिस्सा कमी करतो. बाजार बरोबर उलटं करतो.

खात्री 36 च्या एका रोलनं होते. गिलावा न केलेली विटांची भिंत, स्टँड, केबल रिलीज. भिंतीवर छोटा आरसा सपाट लावा, व्ह्यूफाइंडरच्या मध्यात स्वतःची लेन्स दिसली की कॅमेरा भिंतीला समांतर. 35, 50 आणि 70, प्रत्येकी पूर्ण उघडं, 5.6, 8 आणि 11, झाले 12 फ्रेम. उरलेल्या 24 दूरचं दृश्य, समोरून ऊन, फ्लॅश आणि 70 ला फोकस करून 35 ला घेतलेले फोटो. प्रिंट काढू नका, निगेटिव्हच भिंगाखाली घ्या. भिंग नसलं तर पन्नासची लेन्स उलटी धरा, पाचपट दिसतं. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती स्वस्त लेन्स आहे, घ्या. तीन चांगले आणि एक मऊ असेल तर ती बिघडलेली आहे. 35 ला विटांच्या ओळी बाहेर फुगतात, 70 ला आत ओढल्या जातात, त्याचे पैसे कापायचे नसतात.

जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतरचा आठवडा आमचा सुगीचा. झूम मागं-पुढं केली की ती हवा ओढते आणि हवेबरोबर गुलालही. तिथं जाताना लेन्सला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर लावा, 50 वर ठेवा आणि हलवू नका. गुलाल लागलाच तर ओलं फडकं नको, रिंगही फिरवू नका, ब्लोअरनं उडवा आणि घेऊन या. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवणाऱ्यांना काय सांगावं? घट्ट झाकणाचा डबा, निळं सिलिका जेल, गुलाबी झालं की मंद तव्यावर परत निळं करायचं. हवेतला ओलावा 60 टक्क्यांच्या खाली राहिला की फंगसला वाव राहत नाही.

आता कॉलेजची पोरं पुन्हा फिल्म घालू लागली आहेत. पन्नासचे भाव जुन्या लेन्स अडॅप्टरनं मिररलेस डिजिटलवर लावणाऱ्यांनी चढवून ठेवले, झूम जागच्या जागी राहिली. मिनोल्टाची 35-70, 3.5, जिचं अपर्चर झूमभर बदलत नाही, तीसुद्धा अजून परवडते. त्या 38 मधले 3 नग शिल्लक आहेत, ते विकायचे नाहीत, पोरांना उघडायला शिकवायला ठेवलेत. मास्तरांची लेन्स त्यांच्या मुलाकडं आहे, दर दोन वर्षांनी ग्रीस बदलायला येते.

गेल्या महिन्यात त्या दुसऱ्या दुकानातून एक झूम आली, माणसाच्या हातून, चिठ्ठीशिवाय. 35 ला धुरकट. उघडली तर माउंटखाली काहीच नव्हतं. नेहमीचा दर लावला. बिलावर फक्त एक ओळ वेगळी घातली : पितळी शिम, 0.1 मिमी, नग 2.