ऑस्बोर्न १: बूट एररपासून ए प्रॉम्प्टपर्यंत

मंडळी, माझ्याकडे आलेला ऑस्बोर्न १ हा जुना कॉम्प्युटर फ्लॉपीवरून बूटच होत नव्हता, आणि खूप जणांनी विचारलं की त्याचं पुढे काय झालं, तर सांगायला आनंद होतोय की मशीन आता फ्लॉपीवरून बूट होतंय, ओरिजिनल ड्राइव्हवरून, खऱ्या सव्वापाच इंची डिस्कवरून. यात ए आणि बी असे दोन फ्लॉपी ड्राइव्ह आहेत, त्यातला बी अजून हट्टाला पेटलाय, त्याचं शेवटी सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्बोर्न १ म्हणजे १९८१ सालचा पोर्टेबल कॉम्प्युटर, झेड ८० प्रोसेसर ४ मेगाहर्ट्झचा, ६४ केबी रॅम, ५ इंची स्क्रीन, आणि सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम. पोर्टेबल म्हणायचं पण वजन जवळजवळ ११ किलो, झाकण उघडलं की तेच कीबोर्ड. किंमत तेव्हा १७९५ डॉलर आणि त्यात लिखाणासाठी वर्डस्टार, हिशोबाच्या तक्त्यांसाठी सुपरकॅल्क, प्रोग्रामिंगसाठी बेसिक सगळं फुकट, म्हणून तो एवढा खपला. डिझाइन ली फेल्सेन्स्टाइनचं. आणि ज्याच्या नावाचा हा कॉम्प्युटर तो अ‍ॅडम ऑस्बोर्न, त्याचं बालपण तामिळनाडूत तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या आश्रमाजवळ गेलं आणि २००३ मध्ये तो वारला तोही कोडाईकनालला. आपल्याकडे हे फार कमी लोकांना माहिती आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

माझ्याकडचं मशीन अमेरिकेतून परत आलेल्या एका काकांकडून मिळालं, कोकणात माळ्यावर पडून होतं, म्हणजे किती पावसाळे खाल्ले असतील विचार करा. अमेरिकन मॉडेल असल्यामुळे ११५ व्होल्टचं, त्यामुळे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. पण त्याआधी पॉवर सप्लाय उघडला, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो की एवढी जुनी वस्तू डायरेक्ट प्लगमध्ये घालू नका. मेन्स फिल्टरमध्ये ते पारदर्शक पिवळसर कागदी कॅपॅसिटर असतात ना, त्यांच्या आवरणाला बारीक तडे जातात, तड्यातून दमट हवा आत जाते आणि करंट दिला की धूर. पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवीन घेतले, लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये एक्स २ क्लासचे आणि अर्थिंगकडे जाणारे वाय २ क्लासचे, साधे कॅपॅसिटर तिथे अजिबात लावायचे नाहीत. मग सिरीज लॅम्प लावून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, चालू केलं, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही नीट आले. मग बोर्ड जोडला आणि छोट्याशा स्क्रीनवर ओळ आली की ए ड्राइव्हमध्ये डिस्क घाला आणि रिटर्न दाबा. म्हणजे रॉम, रॅम, व्हिडिओ सगळं जिवंत!

रिटर्न दाबलं की ड्राइव्हचा दिवा लागायचा, मोटर फिरायची, हेड टकटक करत मागे ट्रॅक शून्यावर जायचं, आणि मग बूट एरर. दरवेळी तेच. आता इथे खरी मजा आहे, कारण बूट एरर म्हणजे कारण काहीही असू शकतं, ड्राइव्हचा स्पीड, हेड, डिस्क, किंवा डिस्कवरचा फॉरमॅट. एकेक गोष्ट बाजूला काढत गेल्याशिवाय काही कळत नाही, आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मुळीच कळत नाही.

आधी स्पीड. ड्राइव्ह बेल्टवर चालतो आणि जुना बेल्ट चिकट डांबरासारखा झालेला, तो काढून पुली स्पिरिटने पुसली आणि नवीन चपटा बेल्ट टाकला. ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे फिरला पाहिजे. त्यासाठी पुलीवरच काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या दोन गोल रांगा छापलेल्या आहेत, एक ६० हर्ट्झच्या देशांसाठी आणि एक ५० हर्ट्झच्या. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि स्पीड बरोबर असेल तर ५०वाल्या रांगेतल्या पट्ट्या फिरताना जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. पण यासाठी जुनी चोकवाली ट्यूब हवी, हल्लीच्या एलईडीखाली हे नीट दिसेलच असं नाही! आमच्या जिन्यात अजून एक चोकवाली शिल्लक आहे, तिथे स्टूलवर ड्राइव्ह ठेवून पाहिलं तर पट्ट्या हळूहळू मागे सरकत होत्या, म्हणजे ड्राइव्ह स्लो. बोर्डवरचा छोटा प्रीसेट, म्हणजे स्पीड कमीजास्त करायचा स्क्रू, स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवला आणि पट्ट्या थबकल्या. ४० वर्षांपूर्वी कोणीतरी ही सोय करून ठेवली आणि कुठल्याही मीटरशिवाय ती आजही चालते, मला हे फार भारी वाटतं.

तरीही बूट एरर. मग हेडकडे वळलो. हा सिंगल साइडेड ड्राइव्ह आहे, म्हणजे हेड एकच आणि तेही खालच्या बाजूला, वरून डिस्क दाबून धरायला एका दांडीच्या टोकाला फेल्टचा छोटासा गोल तुकडा असतो. टॉर्च मारून पाहिलं तर तो तुकडा झिजून काचेसारखा गुळगुळीत आणि एका बाजूने सुटलेला. फेल्ट नीट दाबत नसेल तर डिस्क हेडला धड टेकत नाही आणि सिग्नल कमजोर येतो, बाहेरून मात्र सगळं व्यवस्थित चाललंय असंच वाटतं. चिकट पाठीचं पातळ फेल्ट मिळतं त्यातून पंचने गोल कापून लावलं. दांडीच्या स्प्रिंगला हात लावला नाही, जास्त दाबलं तर डिस्कवरचा ऑक्साइड, म्हणजे डेटा धरून ठेवणारा चुंबकीय थर, खरवडला जातो. हेड आयसोप्रोपिलने पुसलं, रेल्सवरचं सुकलेलं ग्रीस काढून अगदी थोडं नवीन लावलं.

आता डिस्क. मशीनबरोबर आलेल्या सगळ्या फ्लॉप्यांवर बुरशी, खिडकीतून बघितलं तरी पांढरे ठिपके दिसतात. अशी डिस्क चुकूनही ड्राइव्हमध्ये घालू नका, हेडवर घाण बसते आणि ती पुढच्या चांगल्या डिस्कला ओरखडे पाडते. जॅकेटची वरची कड ब्लेडने कापायची, आतली चकती अलगद काढायची, कोमट पाण्यात लिक्विड सोपचा एक थेंब टाकून बोटांच्या पेरांनी धुवायची, बिनधाग्याच्या कापडाने टिपून सावलीत वाळवायची आणि दुसऱ्या स्वच्छ जॅकेटमध्ये घालून वाचायची. वाचतानाही प्रत्येक डिस्कनंतर हेड पुसायचं. वेळखाऊ आहे पण वर्डस्टारची डिस्क आणि काकांच्या हिशोबाच्या सुपरकॅल्कच्या फायली त्यातूनच परत मिळाल्या, त्या आता इमेज करून, म्हणजे अख्ख्या डिस्कची फाइलमध्ये नक्कल करून, सेफ आहेत.

ज्यावरून मशीन बूट होतं ती सीपी/एमची सिस्टीम डिस्क मात्र हाताबाहेर गेलेली, ऑक्साइडच निघत होता, म्हणून नवीन बनवायची ठरवली. इथे बरेच जण अडकतात. ऑस्बोर्नचा मूळ फॉरमॅट सिंगल डेन्सिटी आहे, ४० ट्रॅक, प्रत्येकात १० सेक्टर, सेक्टरला २५६ बाइट, म्हणजे एकूण १०० केबी, त्यातले पहिले ३ ट्रॅक सीपी/एमला जातात आणि तुमच्या फायलींना उरतात ९२ केबी. हे एफएम एन्कोडिंग, म्हणजे डिस्कवर बिट लिहायची जुनी पद्धत, यात प्रत्येक बिटबरोबर एक क्लॉक पल्स लिहिला जातो, त्यामुळे अर्धी जागा क्लॉकच खातो. पीसीचे बरेचसे फ्लॉपी कंट्रोलर हे लिहूच शकत नाहीत, कितीही डोकं आपटा. म्हणून ग्रीझवीझल हा फ्लॉपी वाचायचा-लिहायचा छोटा बोर्ड घेतला, तो यूएसबीवर चालतो आणि थेट फ्लक्स, म्हणजे डिस्कवरचे चुंबकीय बदलच, लिहितो त्यामुळे एफएम असो की डबल डेन्सिटीचं एमएफएम त्याला फरक पडत नाही. त्याला जुना ३६० केबीचा ड्राइव्ह जोडला. १.२ एमबीचा ड्राइव्ह मी मुद्दाम टाळला कारण त्याचं हेड अरुंद असतं, आधी वापरलेल्या डिस्कवर त्याने लिहिलं की बारीक नवीन ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना जुना डेटा शिल्लक राहतो आणि ऑस्बोर्नचं रुंद हेड दोन्ही एकदम वाचतं. डिस्कही डबल डेन्सिटीच्याच घ्या, एचडी म्हणजे हाय डेन्सिटीच्या चालत नाहीत, त्यांचं मॅग्नेटिक मटेरियल वेगळं आहे.

तर सिस्टीमची इमेज लिहिली, परत वाचून ताडून पाहिली, ए मध्ये घातली, लॅच फिरवला, रिटर्न. टकटक, मग थोडी शांतता, मग हेड एकेक ट्रॅक पुढे सरकल्याचा तो ठराविक आवाज, आणि स्क्रीनवर ए प्रॉम्प्ट, म्हणजे सीपी/एम कमांडची वाट बघतंय! फायलींची यादी दाखवणारी डीआयआर कमांड मारली, सगळी यादी आली. घरच्यांना बोलावून दाखवलं. मग वर्डस्टार उघडून आईचं नाव टाईप केलं, रोमनमध्येच अर्थात. स्क्रीनवर एका वेळी ५२च अक्षरं मावतात, बाकीची ओळ कंट्रोल आणि बाणाच्या कीने सरकवून बघायची, सवय झाली की काही वाटत नाही.

काही जण म्हणतील की एवढं करण्यापेक्षा गोटेक, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा एम्युलेटर, लावायचा, पेनड्राइव्हवरून चालतं सगळं. गोटेक चांगलीच वस्तू आहे, रोजच्या वापराला मीही सुचवेन, पण मला या मशीनचे मूळ ड्राइव्ह चालते ठेवायचेत, कारण काकांच्या डिस्क ज्या जातीच्या ड्राइव्हने लिहिल्या त्याच जातीच्या ड्राइव्हने त्या वाचाव्यात असं मनापासून वाटतं.

आता बी ड्राइव्ह. त्यालाही बेल्ट, फेल्ट, स्पीड सगळं केलं. तो स्वतः फॉरमॅट केलेली डिस्क छान वाचतो पण ए मध्ये लिहिलेली वाचत नाही, आणि ग्रीझवीझलची तर नाहीच. ए आणि ग्रीझवीझलचं एकमेकांशी जमतंय म्हणजे बी चं हेड अलाइनमेंटमधून, म्हणजे ट्रॅकवरच्या नेमक्या जागेवरून, सरकलंय. ते नीट करायला ऑसिलोस्कोप माझ्याकडे आहे पण अ‍ॅनालॉग अलाइनमेंट डिस्क नाही, आणि ती साध्या ड्राइव्हने बनवता येत नाही, ती खास फॅक्टरीत लिहिलेलीच लागते. ४८ टीपीआयची (इंचाला ४८ ट्रॅक) अशी डिस्क कोणाकडे असेल, पुणे-मुंबई-नाशिक कुठेही, तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि काम झालं की परत आणून देईन. बदल्यात ऑस्बोर्नची सिस्टीम डिस्क हवी असेल तर लिहून देतो, कोऱ्या डबल डेन्सिटी फ्लॉप्या अजून आहेत माझ्याकडे.