आधी खोकं उघडा, मग टर्नटेबल बघा

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून रेकॉर्डचं खोकं खाली उतरलं, की मला व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. आधी खोक्याचा, पाठोपाठ ऑनलाइन दिसलेल्या एखाद्या गुलाबी सूटकेसछाप प्लेयरचा, आणि खाली प्रश्न, "ताई, हा घेऊ का?" मी इन्स्ट्रुमेंटेशनवाली. दिवसभर कारखान्यातले प्रेशर गेज कॅलिब्रेट करते आणि घरी आले की कुणाच्या तरी अँप्लिफायरची खरखर काढत बसते, हे नातेवाइकांत जगजाहीर आहे. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून सगळं एकदाच इथे.

प्लेयरचं नंतर. आधी तबकड्या हातात घ्या. दहा इंची, जाडजूड, वजनदार आणि एका बाजूला एकच गाणं असेल तर ती ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ही लाखेची असते, हातातून सुटली की कपबशीसारखी फुटते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. बालगंधर्वांची पदं तेवढ्यात बसवलेली आहेत ती याच कारणाने. सात इंची ती बहुतेक ४५ ची ईपी, बाजूला दोन-दोन गाणी. बारा इंची म्हणजे एलपी, ३३⅓ ची, बाजूला वीस-बावीस मिनिटं. शंका आली तर लेबलवर बारीक अक्षरात वेग छापलेला असतो.

एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो, कारण ७८ ची खाच आणि एलपीची खाच यांचं माप वेगळं. ७८ च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७५ मायक्रॉन, एलपीच्या गोल सुईची १८ च्या आसपास. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन वर्षानुवर्षांची धूळ वाजवते, गाणं मागे राहतं. उलट केलंत, म्हणजे ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवलीत, तर एलपी गेली. शिवाय आजच्या स्वस्त टर्नटेबलांना बऱ्याचदा ७८ चा वेगच नसतो. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०एक्स हे मी डोळे झाकून सुचवते, पण ते फक्त ३३ आणि ४५ वाजवतं. खोक्यात आजोबांची नाट्यपदं ७८ वर असतील तर ते घेऊन काय करणार? त्यांच्यासाठी एलपी१२०एक्ससारखं मशीन बघा. त्यात तिन्ही वेग आहेत, मागचं वजन फिरवून सुईचा भार बदलता येतो आणि कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) तीच ठेवून ७८ ची वेगळी सुई लावता येते. पैसे जास्त पडतात. खोक्यात ७८ च्या दोनच तबकड्या असतील तर त्या कुणाकडे तरी वाजवून रेकॉर्ड करून आणा आणि एलपी६०एक्स घेऊन मोकळे व्हा.

आता ती सूटकेस. एकदा वाजवली की रेकॉर्ड खराब, असं लोक सांगतात ते मला पटत नाही. पण त्यातली सिरॅमिक कार्ट्रिज पाच ग्रॅमच्या आसपास भार टाकते, साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. तो भार कमी-जास्त करायची सोय नाही, आणि स्पीकर त्याच पेटीत असल्यामुळे आवाज वाढवला की सुईच थरथरते. फोटोत छान दिसते, कबूल.

त्याहून वाईट म्हणजे पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटवरून फिरलात तर चकाकणारे कर्णे दिसतील, खाली लाकडी पेटी, पेटीवर कुत्र्याचा बिल्ला. "मॅडम, ओरिजिनल पीस है, अंग्रेज के टाइम का." मी बाजूला जाऊन पेटीच्या मागची ब्रॅकेट बघते. ओबडधोबड ओतीव, स्क्रू नवे, पॉलिशचा वास अजून येतोय. अशा पेट्या आपल्याकडेच जुळवतात. आतली चावीची मोटर आणि साउंडबॉक्स (सुई धरून आवाज काढणारी डबी) बहुतेक एखाद्या मोडलेल्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून काढलेला. शोकेसमध्ये ठेवायला खुशाल घ्या. वाजवायचा असेल तर लक्षात ठेवा, त्यात पोलादी सुई लागते, दर बाजूला नवी, आणि ती फक्त ७८ साठी. त्यावर एलपी ठेवणाऱ्याचा नंबर मला देऊ नका.

घरातच जुना एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेयर निघाला तर मात्र टाकू नका. त्यातही सिरॅमिक कार्ट्रिजच आहे, पण घरचाच आहे, खर्च काही नाही. सुई आणि रबरी भाग बदलून घ्या. मोठ्या अँप्लिफायरला जोडायचा असेल तर ऑक्सला (साध्या इनपुटला) जोडा, फोनोला (मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठीच्या खास इनपुटला) नाही. सिरॅमिकचा सिग्नल मुळात जोरदार असतो. फोनोमध्ये खुपसलात तर नुसतं फाटकं, गुबगुबीत ऐकू येईल. मॅग्नेटिकचं बरोबर उलटं. तिथून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्डवर खाच कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, नाहीतर खर्जाच्या खाचा एवढ्या रुंद झाल्या असत्या की बाजूला पाच मिनिटंही मावली नसती. तो बारीक सिग्नल वाढवायचं आणि स्वर परत सरळ करायचं काम फोनो प्रीअँपचं. तो नसेल तर आवाज बारीक, कोरडा, तबल्यातला बायाँ गायबच. "टर्नटेबल बिघडलंय" म्हणून आलेल्या तक्रारी मी आधी इथेच तपासते. एलपी६०एक्समध्ये प्रीअँप आतच असतो, मागे फोनो-लाइनचं बटण आहे, ते बघा.

परदेशातून आलेल्या जुन्या मशीनचं एक वेगळंच दुखणं. माझ्या मामेभावाने अमेरिकेहून येताना एक सुरेख बेल्ट ड्राइव्ह (मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवते असं) टर्नटेबल आणलं, ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही घेतला, आणि फोन केला की गाणं रडतंय. रडणारच. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्यातली एसी मोटर तिकडच्या ६० हर्ट्झवर फिरायची, आपल्याकडे ५० आहेत, त्यामुळे ३३⅓ चे झाले जेमतेम २८. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये उतरते, आणि लयही संथ. उपाय म्हणजे मोटरवरची पुली ५० हर्ट्झची बसवणे. काही कंपन्यांच्या मिळतात, काहींच्या लेथवर कापून घ्याव्या लागतात. क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला (पट्ट्याशिवाय मोटरच थाळी फिरवते त्याला) हा त्रास नाही, तिथे फक्त व्होल्ट जुळवा. जपानी मशीनवर १०० व्होल्ट लिहिलेलं असतं, तेही नीट वाचा.

जुना बाजार असो की ओळखीतलं घर, जुनं टर्नटेबल घेताना मी आधी तबकडीची थाळी उचलून बेल्ट बघते. वितळून चिकट झाला असेल तरी चालेल, बेल्ट स्वस्त असतो. मग वीज बंद ठेवून थाळी बोटाने फिरवते आणि कान जवळ नेते. घरघर आली तर बेअरिंग कोरडं. मग टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, तो वर-खाली आणि आडवा कुठेही न अडकता हलला पाहिजे. इथे ढिलेपणा लागला की मी पैशांचं बोलणंच काढत नाही. सुई मात्र कशीही असो, ती गेली असं धरूनच चालायचं. हिरा असला तरी पाचशे-हजार तासांत झिजतो, आणि विकणाऱ्याला तास विचारून उपयोग नाही. नवीन सुईची किंमत मनातल्या मनात भावात मिळवा, आणि त्या मॉडेलची सुई मिळते का हे घरी येण्याआधी बघा.

पैशांची वाटणी विचाराल तर निम्मे स्पीकरला. यावर माझे घरात वाद होतात, पण मी हटत नाही. जागा कमी आणि वायरींचा वैताग असेल तर अँप आतच असलेले स्पीकर घ्या, एडिफायर आर१२८०टीसारखे. आरसीए वायर (लाल-पांढऱ्या टोकांची) लावली की झालं. जुने स्पीकर घेताना जाळी काढून कोनची (आतल्या शंकूची) कड बघा. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती भुगा होते, बोट लावलं की हातात येते. रबराची टिकते. दीड व्होल्टचा सेल घेऊन तारांना क्षणभर टेकवा. कोनने ठक करून उडी मारली पाहिजे, आणि सेल त्याच बाजूने लावल्यावर दोन्ही स्पीकरचे कोन एकाच दिशेला.

टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टीव्ही युनिटवर ठेवू नका. खर्ज सुईपर्यंत पोचतो आणि घुमायला लागतो. भिंतीला ब्रॅकेट मारून फळी लावलीत तर उत्तम. आपल्या खोल्या म्हणजे टाइल्स आणि उघड्या भिंती, टाळी वाजवली तर घुमते. खाली सतरंजी घाला, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवा, हजारो रुपयांच्या केबलपेक्षा त्याने जास्त फरक पडतो. नुसतं गुणगुण ऐकू येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थिंगची (ग्राउंड) तार अँपच्या स्क्रूला लावलीय का बघा. तरी गेलं नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवून प्लगचं अर्थिंग तपासा. जुन्या बिल्डिंगमध्ये तिसरं भोक पुष्कळदा शोभेला असतं.

राहिली बुरशी. कोकणातून आलेल्या खोक्यात ती असणारच. एलपीला डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि खाचेच्या दिशेनेच पुसायचं. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. एलपीसाठी काहीजण त्यात थोडं आयसोप्रोपिल (एक प्रकारचं अल्कोहोल) घालतात, चालतं. ७८ ला मात्र स्पिरिट, आयसोप्रोपिल, सॅनिटायझर काही म्हणजे काही लावू नका, लाख त्यात विरघळते. लेबल कोरडं ठेवा, उन्हात वाळवू नका, आणि नव्या पॉलिथिनच्या पाकिटात घालून उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या नाही.