पाणकणसातला तपकिरी वटवट्या

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, पाणकणसाच्या ऐन गाभ्यात, पक्षी मोजून सोडण्यासाठी लावलेल्या जाळ्यात त्या सकाळी एक तपकिरी वटवट्या, म्हणजे वॉर्बलर, आला. पाणकणीस म्हटलं की बरेच जण पॅडीफिल्ड वॉर्बलर लिहून मोकळे होतात, कारण ब्लिथ्स रीड वॉर्बलर नावात बोरू असूनही हिवाळ्यात बाभळी, झुडपं आणि बागाच धरतो. तरी हा पक्षी मला ब्लिथ्सच वाटला.

पक्ष्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायची, पाठ तळहाताला, आणि पंख उघडून प्रायमरी, म्हणजे पंखाच्या टोकाकडची लांब पिसं, बाहेरून मोजायच्या. पहिली इतकी तोकडी असते की ती नजरेतून सुटते, आणि सुटली की पुढचा सगळा हिशोब एका पिसाने चुकतो. याच्या दुसरीचं टोक सहावी-सातवीच्या मध्ये आलं. बाहेरची कडा तिसरी-चौथीवर स्पष्ट अरुंद झालेली. एवढ्यात युरेशियन रीड वॉर्बलर बाद झाला, त्याची दुसरी बरीच लांब असते आणि कडा फक्त तिसरीवर अरुंद होते. पॅडीफिल्ड मात्र पंखावरून बाद करता येत नाही, दोघांची मापं एकमेकांत मिसळतात. तिथे डोकंच बघावं लागतं. याची भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट पट्टी, डोळ्यापुढे फुगीर आणि मागे लगेच विरलेली. पॅडीफिल्डची मागे लांब जाते, तिच्यावर काळसर रेघ असते, आणि आखूड चोचीचं खालचं टोक ठळक काळं असतं. याच्या टर्शियल, म्हणजे पंखाची अंगालगतची पिसं, एकरंगी होत्या. पॅडीफिल्डच्या मधोमध गडद दिसतात.

फोटोत हीच भुवई लांब भासते, पिसं जरा फुलली तरी पुरतं. म्हणून फोटोवरून या गटाचं नाव ठोकून देणाऱ्यांशी माझं जमत नाही.

चोच लांब होती, आणि तिथे मी अडकलो. ब्लिथ्ससारख्याच दिसणाऱ्या, पण लांब चोचीच्या लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलरचा एकच नमुना जगाला माहीत होता, सतलजच्या खोऱ्यातला, 1867 चा. 2006 मध्ये थायलंडात तो जाळ्यात जिवंत सापडला, आणि मग ब्रिटनमधल्या संग्रहालयात ब्लिथ्स म्हणून पडून असलेला भारतातलाच आणखी एक नमुना निघाला. म्हणजे हातात घेऊनही हा पक्षी चुकीच्या नावाने ठेवला जाऊ शकतो. म्हणून चोच कवटीपासून मोजली आणि मागच्या बोटाचं नखही मोजलं. लार्ज-बिल्डची नखं लांब असतात. नख आखूड भरलं. चोच ब्लिथ्सच्या मापांतच, पण वरच्या टोकाला. पीस काढून डीएनए तपासणं हा खरा निकाल, तेवढी परवानगी आमच्याकडे नव्हती.

सोडल्यावर तो जवळच्या बाभळीकडे गेला नाही, सरळ पाणकणसात शिरला आणि आतून थांबून थांबून कडक ‘टक्’ करू लागला. ती हाक ब्लिथ्सचीच. जागा तेवढी पटत नाही. नोंदीच्या तक्त्यात जातीचा रकाना मोठा आहे, अधिवासाचा नाहीच, आणि हे मला दर हंगामात खुपतं. शेऱ्यात लिहिलं: ब्लिथ्स, पाणकणसाच्या आत, चोच लांब, नख आखूड, पीस घेतलेलं नाही.