आमची वाटचाल : आधी बूच दाखवा

बोटी ठेवायच्या आमच्या आवाराला छप्पर नाही. पहिल्या दिवसापासून नाही, आणि ते पैसे नव्हते म्हणून नाही, हे एकदा लिहून ठेवतो. (पैसेही नव्हते, ती गोष्ट वेगळी.) ट्रेलरवरची लहान बोट नीट बसवली, बांधली आणि झाकली, तर ती उघड्यावर वादळवाऱ्यात खुशाल राहते, अशी माझी आणि माझ्या भागीदाराची खात्री होती. लोक हसले. दोन वर्षांत जागा पुरेना.

भागीदार हाताचा पक्का. गिअरचं तेल दोन बोटांत चोळायचा आणि पाणी शिरलंय का ते सांगायचा. चाकाचं ग्रीस दुधाळ दिसलं की मालकाला विचारायचा, "थेट रस्त्यावरून पाण्यात उतरवला ना ट्रेलर?" तापलेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. हे गिऱ्हाइकांना सांगून आमचे घसे बसले.

बुचांची फळी त्याचीच. ऑफिसच्या दारामागे फळी, फळीवर खिळे, खिळ्याखाली बोटीचा नंबर. बोट आवारात आली की तिच्या मागच्या भोकाचं, पाणी काढून टाकायच्या, बूच काढून खिळ्याला टांगायचं. मग जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं उंची बदलणारं लहान चाक) फिरवून पुढचं टोक वर घ्यायचं, म्हणजे आत पडलेला पाऊस मागच्या भोकातून आपसूक निघून जातो. खिळ्यावर बूच नाही तर पावती नाही, असा नियम. नियम त्याचा, पावतीपुस्तक माझ्याकडे.

वादळाचा इशारा दोन दिवस आधी आला होता. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने बोट आणली आणि म्हणाला, उद्या सकाळी नेतोच आहे, बूच कशाला काढता. भागीदार नको म्हणत होता. मी पावती फाडली. 14 नंबरचा खिळा रिकामा राहिला आणि तो गृहस्थ सकाळी आलाच नाही.

बोटीचं तोंड 6 चौरस मीटर धरा. 100 मिलीमीटर पाऊस झाला की 600 लिटर, म्हणजे 600 किलो. झाकण म्हणून सपाट ताणलेली ताडपत्री होती. ती आधी खोलगट झाली, मग आयलेट (दोरी ओवायची कडेची भोकं) फाटून सगळं पाणी घेऊन आत बसली. पहाटे पाहिलं तर ट्रेलरची स्प्रिंग तुटून बोट एका कुशीवर कलली होती.

पण खरा घाव तो नव्हता. मागच्या रांगेतल्या 3 बोटी ट्रेलरसकट उलटल्या. पुढे विंचची (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या फिरकीची) कडी, मागे दोन्ही बाजूंना पट्टे, सगळं जागच्या जागी. बोट ट्रेलरला बांधली होती, ट्रेलर जमिनीला नव्हता. जमिनीत पिळून बसवायचे स्क्रूचे अँकर पुढच्या रांगेला होते, मागच्या रांगेचे मी पुढच्या महिन्यावर टाकले होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि रिकामी लहान बोट म्हणजे त्याला आयतं पान. पट्टा एकही तुटला नाही. याचा अभिमान धरावा की लाज, ते अजून ठरलेलं नाही.

त्याच रात्री शेजारच्या, बोटीच ठेवणाऱ्या, शेडचे दोन पत्रे उडून आमच्या दोन बोटींवर पडले. शेजाऱ्यांनी आजतागायत "पत्रे आमचे" असं म्हटलेलं नाही. उलट आठवड्याभरात आमच्या गिऱ्हाइकांना फोन गेले, "उघड्यावर ठेवलं की असंच होणार." निम्म्या बोटी तिकडे गेल्या. भागीदाराने सकाळी नुसता 14 नंबरच्या खिळ्यावर हात ठेवला होता, बोलला काही नाही. महिन्याभरात हिशेब मिटवून तोही गेला, त्याच शेडात.

उलटलेल्यांत एक बोट मास्तरांची. शाळेतून निवृत्त झालेले, तोलून बोलणारे. स्वतःचा जॅक घेऊन आले, चिखलात बसून माझ्याबरोबर ट्रेलर सरळ केला. बोटीच्या कुशीला हातभर चीर. म्हटलं, मास्तर, दुसरीकडे नेलीत तरी माझं काही म्हणणं नाही. म्हणाले, "दुसरीकडे बुचाची फळी आहे का?" आणि बूच माझ्या हातात ठेवलं.

पुढची नऊ वर्षं बरी गेली.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. ताडपत्रीखाली मधोमध आडवा दांडा घ्या, दोन्हीकडे उतार हवा, आणि वारा खेळायला टोकांना फट ठेवा, नाहीतर आत बुरशी. कडेला पाण्याने भरलेल्या बाटल्या टांगा. झोत आला की त्या वर उचलल्या जातात आणि आयलेट वाचतात. पट्ट्याला एक पीळ द्या, सपाट पट्टा वाऱ्यात घुमतो आणि कडेला झिजतो. इंजिन उभं, खाली सोडलेलं ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. चाकांना ठोकळे लावा. वादळ येणार असेल तर चौकट आणि ॲक्सल यांच्यामध्ये लाकूड घालून टायरची हवा काढा. आणि अँकर पुढच्या महिन्यावर टाकू नका.

परवा शेजाऱ्यांकडे जाणं झालं, सामाईक कुंपणाचं काम होतं. दारामागे फळी. खिळ्याखालचे आकडे ओळखीच्या अक्षरात. डोक्यावर पत्रे असून बुचं काढलेली. बोलता बोलता सवयीने मोजलं, बोटी 23, बुचं 23. पुन्हा एकदा मोजलं.